आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवा

गायन पार्टीतल्या कलावंतांनी कान आणि गळा कसा सांभाळावा

फेब्रुवारी संपला की आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराचे दार रात्री उशिरापर्यंत उघडे असते. १४ एप्रिलची तालीम सुरू झालेली असते. आमची गायन पार्टी लहानच आहे. दोन गायक, कोरसला दोन भगिनी, पेटी, ढोलकी, बेंजो आणि ऑक्टोपॅड. दिवसा सगळे आपापल्या कामावर असतात, रात्री गाण्याला बसतात.

दोन वर्षांपूर्वी तालमीत आमचे बेंजोवाले काका म्हणू लागले, "वरच्या सुरांना धार येत नाही, वाद्य बिघडलंय." आम्ही तारा बदलल्या, पिकअप बदलला, वायर बदलली. फरक पडेना. शेवटी दुसऱ्या पार्टीतल्या मुलाला वाजवायला बसवले, तर वाद्य अगदी ठणठणीत. मग काकू बोलल्या. नात "सहा" म्हणाली तर यांना "दहा" ऐकू येते, शेजारच्या खोलीत मोबाईल वाजला तर कळत नाही, आणि टीव्हीचा आवाज रोज थोडा थोडा वाढतोच आहे.

काकांना सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नेले. तपासणीच्या कागदावर दोन्ही कानांच्या रेषा ४००० हर्ट्झच्या आसपास खाली घसरलेल्या होत्या. उजव्या कानाची जास्त. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कार्यक्रमात स्पीकर तुमच्या कुठल्या बाजूला असतो?" उजव्या. पंचवीस वर्षे उजव्याच. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखा."

त्या दिवसापासून आम्ही सेट लावायची पद्धत बदलली. साऊंडवाल्यांना विचारत, चुकत-माकत जे शिकलो, ते इतर पार्ट्यांच्या आणि घरोघरीच्या ऐकणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे लिहीत आहोत.

कानात नेमके काय होते?

कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरी त्या टिपतात आणि मेंदूकडे पाठवतात. गवतावरून एकदा कोणी चालून गेले तर गवत पुन्हा उभे राहते. रोज त्याच जागेवरून चालले की तिथे पायवाट पडते आणि मग गवत उगवत नाही. केसपेशींचे तसेच आहे. कार्यक्रमानंतर कान बधिर वाटणे, आत शीऽऽ असा आवाज येत राहणे, ही गवत दबल्याची खूण. सकाळी बरे वाटते म्हणून आपण विसरतो. पण मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

आधी जातात ते वरचे, तीव्र सूर. स, श, फ, च, ट ही व्यंजने त्याच भागात ऐकू येतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही.

किती आवाज किती वेळ चालतो, याचा हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा मानतात. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. आपला कार्यक्रम तीन-चार तासांचा असतो, आणि मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी १०० च्या वर आवाज सहज जातो. मोजायचे यंत्र नसेल तर एक खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या रेषेवर गेला आहे.

आवाज का वाढत जातो?

आमच्याकडे दर कार्यक्रमात असेच व्हायचे. ढोलकी जोरात, म्हणून बेंजोवाला आपला आवाज वाढवी. बेंजो वाढला म्हणून गायकाला स्वतःचा सूर ऐकू येईना. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, तसा तो ओरडून गाऊ लागे. मग मागून हाक, "माईक वाढव!" माईक शिट्टी मारी. तिसऱ्या गाण्याला गळा बसलेला आणि पुढे बसलेली मंडळी विचारीत, "शब्द काय होते हो?"

भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपल्या गाण्याचे सगळे बळ शब्दात राहिले आहे. शब्दच पोहोचला नाही तर नुसता आवाज पोहोचून काय उपयोग? म्हणून पार्टीकडे चार पैसे जमले की आधी मोठा स्पीकर घेऊ नका. आधी गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येण्याची सोय करा. कान, गळा आणि शब्द, तिन्ही तिथेच वाचतात.

सेट लावताना

माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा. तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे झाले की बटणाला हात न लावता सुमारे ६ डेसिबल आवाज जास्त मिळतो. जाळीवर मूठ आवळून माईक धरायची सवय सोडा. त्याने आवाज कोंदतो आणि शिट्टी लवकर येते.

गायकासमोर त्याच्याकडे तोंड करून एक लहान मॉनिटर स्पीकर ठेवा. गाण्यासाठीचे बहुतेक साधे डायनॅमिक माईक समोरचे ऐकतात आणि पाठीमागचे कमी ऐकतात. म्हणून मॉनिटर माईकच्या शेपटीच्या दिशेला आला पाहिजे. माईक सुपरकार्डिऑइड जातीचा असेल तर मॉनिटर सरळ मागे न ठेवता थोडा तिरका, बाजूला सरकवा. मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज आणि थोडी पेटी एवढेच द्या. ढोलकी शेजारीच वाजत असते, ती मॉनिटरमध्ये कशाला?

मुख्य स्पीकर नेहमी कलावंतांच्या पुढे लावा, मागे किंवा कानाशेजारी नको. स्टँडवर इतके उंच ठेवा की वरचा हॉर्न बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून मागच्या रांगेकडे पाहील. स्पीकर जमिनीवर असला तर पुढची मुले भाजून निघतात आणि मागच्यांना ऐकू येत नाही, मग पुन्हा आवाज वाढतो. मैदान मोठे असेल तर पुढे एकच प्रचंड स्पीकर लावण्यापेक्षा मध्यावर दोन लहान स्पीकर लावलेले बरे.

उघडे माईक मोजा. माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. कोरसच्या दोघींना एक माईक पुरतो. समाजमंदिरासारख्या बंद जागेत हलगी, ताशा आणि झांजेला माईक लागतच नाही. जो गात नाही त्याचा माईक बंद ठेवा.

मिक्सरवर आधी गेन ठरवा. गायकाला पूर्ण आवाजात ध्रुपद म्हणायला लावा आणि लाल दिवा लागणार नाही इथपर्यंतच गेन न्या. मग फेडरने कमी-जास्त करा. गायकांच्या माईकला लो-कटचे बटण असेल तर दाबा, म्हणजे हाताळण्याची धडधड जाते. २००० ते ४००० हर्ट्झचा भाग म्हणजे शब्दांची जागा. माणसाचा कानही तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. बेंजोची किणकिणही तिथेच बसते. गायकाचा आवाज वाढवण्याऐवजी बेंजोचा तेवढा भाग थोडा उतरवून पाहा, शब्द आपोआप पुढे येतात. एको कमी ठेवा. बेसही बेताचा ठेवा, कारण जड बेस व्यंजनांना गिळतो.

बसण्याची जागाही बदलत राहा. आमचे काका आता स्पीकरपासून लांबच्या टोकाला, डावीकडे बसतात. ढोलकीवाल्याचे तोंड कोणाच्या कानाकडे येणार नाही असे आम्ही बसतो. दर पाऊण तासाने दहा मिनिटे निवेदन किंवा माहिती ठेवली की कानांना आणि गळ्याला दोघांनाही विसावा मिळतो.

विजेशी खेळ नको

सेटवर बसणाऱ्याचा जीव आधी वायरमध्ये असतो. खांबावर आकडा टाकून वीज घेऊ नका. ॲम्प्लिफायरच्या तीन पिनच्या प्लगमधली मोठी पिन काढून टाकू नका. गुंऽऽ असा आवाज जावा म्हणून काहीजण असे करतात, पण ती पिन अर्थिंगची आहे. ती गेली की बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमधला प्रवाह माईकच्या धातूतून गाणाऱ्याच्या हातात येऊ शकतो. मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. प्रवाह गळू लागला की तो वीज तोडतो. पावसाळ्यात वर्षावासाचे कार्यक्रम असतात तेव्हा जमीन ओली असते. वायरी ओल्या जमिनीवरून नेऊ नका आणि अनवाणी उभे राहून माईक धरू नका.

कोणाला धक्का बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा.

गळ्याची काळजी

गळा बसण्यामागे बहुतेक वेळा ओरडून गाणे असते. मॉनिटर लावल्यावर आमच्या गायकांची निम्मी तक्रार संपली. उरलेल्या निम्म्यासाठी पट्टी उतरवली. दुसऱ्या पार्टीशी सामना आहे म्हणून आपल्या गळ्याला न झेपणारी वरची पट्टी धरायची आणि तासाभराने चिरका आवाज काढायचा, यात कसली बहादुरी? एक-दोन सूर खाली गायले तर चाल बिघडत नाही.

गाण्याआधी दहा मिनिटे तोंड मिटून हलका हुंकार भरा. कार्यक्रमात घोट घोट पाणी पीत राहा. सतत खाकरू नका, त्यापेक्षा आवंढा गिळा. गळा बसला असेल तर कुजबुजूही नका, गप्प राहा आणि पाण्याची वाफ घ्या. ज्येष्ठमध किंवा खडीसाखर चघळल्याने बरे वाटते, पण त्या भरवशावर बसलेल्या गळ्याने गाऊ नका. कार्यक्रमानंतर रात्री एक वाजता तिखट जेवून लगेच आडवे होऊ नका. पोटातले आम्ल वर येऊन घसा जाळते. तंबाखू, गुटखा आणि विडी तर गाणाऱ्याने सोडलीच पाहिजे. आवाज तीन आठवड्यांनंतरही बसलेला असेल तर घशाच्या डॉक्टरांकडून आतून तपासणी करून घ्या. तंबाखू खाणाऱ्याने तर यात अजिबात चालढकल करू नये.

कानाचे बूच

कापसाचा बोळा कानात घालून भागत नाही. त्याने आवाज अगदी थोडा कमी होतो. मेडिकलमध्ये किंवा सुरक्षेची साधने विकणाऱ्या दुकानात फोमचे बूच स्वस्तात मिळतात. बूच बोटांनी बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बूच आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. ढोलकी, ताशा आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांनी आणि स्पीकरजवळ उभ्या राहणाऱ्या साऊंडवाल्याने ते घालावेतच.

फोममुळे वरचे सूर जास्त कापले जातात म्हणून गायकाला ते जड जातात. त्यासाठी वादकांचे वेगळे, फिल्टरचे बूच मिळतात. ते सगळे सूर साधारण सारखेच, १५ ते २० डेसिबलने उतरवतात. किंमत जास्त असते, पण एका चांगल्या माईकपेक्षा कमीच. पहिले दोन दिवस कानात पाणी गेल्यासारखे वाटते. तालमीतच सवय करा, थेट कार्यक्रमात नको.

घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलांसाठी

आज वस्तीतली मुले दहा बाय दहाच्या खोलीत गाणे रेकॉर्ड करतात, याचा आम्हाला आनंद आहे. महागड्या साधनांआधी खोली सुधारा. गायकाच्या मागे आणि बाजूला दोरीवर गोधड्या टांगा, भिंतीवरून परतणारा आवाज कमी होतो. पंखा बंद, फोन विमान मोडवर. माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवा आणि मध्ये पातळ कापडाची जाळी लावा. कंडेन्सर माईक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा इंटरफेसमधून द्यावा लागतो. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, लाल रेषेला लागू देऊ नका. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

खरा धोका हेडफोनचा आहे. रात्री तीन-तीन तास मिक्सिंग करताना कान थकतात, थकलेल्या कानाला आवाज कमी वाटतो आणि मूल तो वाढवत जाते. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि दर तासाला दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवा. मिक्सिंग हळू आवाजातच करा. हळू आवाजात ज्याचे शब्द कळतात ते गाणे मोठ्या आवाजातही चांगलेच वाजते. शेवटी साध्या फोनच्या स्पीकरवर ऐकून बघा, कारण आपली माणसे गाणे तिथेच ऐकणार आहेत.

ऐकणाऱ्या घरांसाठी

लहान मुले नेमकी स्पीकरसमोर नाचतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मुलांना मागे न्या. पत्र्याच्या अरुंद गल्लीत मात्र आवाज आदळून परत येतो, तिथे आवाजच कमी ठेवावा लागतो. तान्ह्या बाळाला घेऊन स्पीकरजवळ बसू नका. बाळाला फोमचे बूच घालू नका, बाहेरून झाकणारे इअरमफ मिळतात.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सर्वांना सारखे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. सरकारने जाहीर केलेल्या ठराविक दिवशीच बारापर्यंत सूट असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. लाऊडस्पीकरची लेखी परवानगी काढून ठेवली की पार्टीला आणि मंडळाला पुढचा त्रास होत नाही. कोणाच्या घरात आजारी माणूस आहे, कोणाची परीक्षा आहे, हे आपल्याच वस्तीत आपल्याला ठाऊक असते. तेही ध्यानात ठेवूया.

तपासणी कधी करावी?

कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात शीऽऽ वाजत असेल, गर्दीत बोलणे कळत नसेल किंवा दोन कानांत फरक वाटत असेल तर ऑडिओमेट्रीची तपासणी करून घ्या. ती दुखत नाही. हेडफोन लावून बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयांत ती होते. मुंबईत वांद्रे पश्चिमेला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. वादकांनी वर्षातून एकदा तरी जावे.

एका कानाचे अचानक, रातोरात ऐकू येणे बंद झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वेळेत औषध मिळाले तर ऐकू येणे परतण्याची शक्यता वाढते. उद्या बघू म्हणू नका. कानात कोमट तेल, काडी किंवा केसांची पिन घालू नका.

आमचे काका आजही बेंजो वाजवतात. त्यांना श्रवणयंत्र बसले आहे. तालमीत ते घालून बसतात आणि कार्यक्रमात ते काढून फिल्टरचे बूच घालतात. मागच्या जयंतीला आम्ही सगळ्यांनी आवाज उतरवून गायलो. पहिल्या गाण्यानंतर मागच्या ओटीवर बसलेल्या एका आजींनी हात वर केला. आम्हाला वाटले, ऐकू येत नाही म्हणत असतील. आजी म्हणाल्या, "पोरांनो, आज शब्द न् शब्द कळला. तेच पुन्हा म्हणा."